ब्लॅकहेड्स: नाक न ओरबाडता रंध्रं मोकळी कशी करायची

आधी दिवसाउजेडी, खिडकीपाशी उभं राहून आरशात नीट बघा. नाकावरचा प्रत्येक ठिपका ब्लॅकहेड नसतो. जे ब्लॅकहेड नाहीतच ते घालवण्यात लोकांचे महिनोन्‌महिने जातात.

खरा ब्लॅकहेड म्हणजे केसाच्या मुळाशी असलेल्या रंध्रात अडकलेली गुठळी. तिच्यात मेलेल्या पेशी आणि त्वचेचं तेल असतं. रंध्राचं तोंड उघडं राहतं, गुठळीच्या टोकाला हवा लागते आणि त्यातल्या मेलॅनिनमुळे (त्वचेला रंग देणारं द्रव्य) व तेलाच्या ऑक्सिडीकरणामुळे ते टोक काळं पडतं. ती घाण नव्हे. त्यामुळे दिवसातून पाच वेळा तोंड धुऊन तो रंग जात नाही. असे ठिपके लहानमोठे, विखुरलेले आणि गडद असतात, बोट फिरवलं तर किंचित खरखर लागते.

नाकावर आणि हनुवटीच्या खळीत एकसारख्या अंतरावर, सपाट, करड्या किंवा मातकट रंगाचे बारीक ठिपके दिसत असतील तर ते बहुधा तेलाचे तंतू आहेत. दाबले की पांढुरका दोरा बाहेर येतो आणि काहीतरी काढल्याचं समाधान मिळतं. पण ते सगळ्यांना असतात, तेल पृष्ठभागावर आणण्याची ती वाटच आहे आणि साधारण महिनाभरात ती पुन्हा भरते. ते फिके करता येतात, नाहीसे करता येत नाहीत. नाकावर चिकटवून ओढायच्या पट्ट्यांवर जे दिसतं ते मुख्यतः हेच.

तिसरा प्रकार फारसा कोणाला माहीत नसतो. एकाच रंध्रात अनेक बारीक केसांचा झुपका अडकून राहतो आणि लांबून तो हुबेहूब ब्लॅकहेड दिसतो. मोबाइलचा टॉर्च लावून भिंगातून पाहिलं तर ब्रशच्या टोकासारखे केस दिसतात. यावर रंध्रं मोकळी करणारी मलमं थोडीफारच काम करतात. टिकाऊ उपाय म्हणजे लेझरने केस काढणं, आणि ते त्वचारोगतज्ज्ञाचं काम.

कपाळावर, गालांच्या कडेला त्वचेच्याच रंगाच्या बारीक पुटकुळ्या असतील, ज्या बाजूने उजेड पडला तरच दिसतात, तर ती बंद तोंडाची गुठळी, म्हणजे व्हाइटहेड. उपाय ब्लॅकहेडचेच, फक्त वेळ जास्त लागतो.

हे होतं कशामुळे

वयात येताना हार्मोन्समुळे तैलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात आणि रंध्राच्या आतल्या भिंतीच्या पेशी झडून बाहेर येण्याऐवजी एकमेकींना चिकटतात. डोळ्यांना न दिसणारी गुठळी आधी तयार होते आणि दिसण्याइतकी व्हायला तिला कित्येक आठवडे लागतात. आज नाकावर जे दिसतंय ते दीड-दोन महिन्यांपूर्वी सुरू झालेलं असतं. म्हणून कुठलाही खरा उपाय ८ ते १२ आठवडे मागतो. आठवड्यात रंध्रं मोकळी करण्याचं आश्वासन देणारं काहीही फक्त वरचं टोक खरवडत असतं.

बाहेरची कारणंही असतात आणि ती हाताळणं सोपं आहे. कपाळावर आणि केसांच्या कडेनेच गुठळ्या असतील तर पहिला संशय केसांच्या तेलावर घ्या. खोबरेल तेल केसांना कितीही चांगलं असलं तरी चेहऱ्यावरची रंध्रं बुजवणाऱ्या तेलांत ते वरच्या रांगेत आहे. बदाम तेलाने चेहऱ्याला मालिश करायची सवयही ब्लॅकहेड्स होणाऱ्या त्वचेला परवडत नाही. हनुवटीखाली हेल्मेटचा पट्टा घासतो तिथे, मास्कखाली, किंवा मशीनशॉपमध्ये कटिंग ऑइलचे (धातू कापताना वापरायचं तेल) तुषार उडतात त्यांच्या हातांवर आणि मांड्यांवर (तेलाने भिजलेली पँट अंगाला चिकटून राहते म्हणून) गुठळ्या येतात. मशीनवर किंवा कढईसमोर काम करणाऱ्यांनी काम संपल्यावर घरी पोचेपर्यंत न थांबता तिथेच तोंड-हात धुऊन कपडे बदलावेत.

पहिली पायरी: काय थांबवायचं

लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट, अक्रोडाच्या कवचाचा स्क्रब. हे चारही आजपासून बंद. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच (आम्ल-अल्क मोजण्याचं माप, ७ म्हणजे मधलं) ५ च्या आसपास. लिंबाचा रस त्याहून कितीतरी तीव्र आम्ल आहे आणि उन्हात गेल्यास तो लावलेल्या जागी भाजल्यासारखे डाग उठू शकतात. सोडा उलट्या टोकाचा, अल्कधर्मी. स्क्रबचे कण रंध्राच्या आत पोचतच नाहीत, फक्त आजूबाजूची त्वचा ओरखडतात. दिवाळीचं उटणं अंगाला खुशाल लावा, चेहऱ्यावर मात्र रगडू नका.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे दुकानातून सहज मिळणारी ‘गोरं करणारी’ किंवा ‘सगळ्यावर चालणारी’ ट्यूब. तिच्यावर बारीक अक्षरात बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. सुरुवातीला चेहरा तुकतुकीत दिसतो, मग पुटकुळ्या, लाली, पातळ त्वचा आणि सोडली की भडका. बरेच दिवस लावत असाल तर स्वतः एकदम बंद न करता डॉक्टरांकडे जा.

केसांना तेल लावायचं तर रात्रभर ठेवून झोपू नका. धुण्याआधी तासभर लावा, कपाळाच्या कडेपासून दोन बोटं आत ठेवा आणि केस धुऊन झाल्यावर शेवटी चेहरा धुवा, म्हणजे ओघळलेलं तेल आणि कंडिशनर निघून जाईल. उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला.

दुसरी पायरी: चेहरा धुणं

सकाळी एकदा, रात्री एकदा आणि घाम गाळून आल्यावर एकदा. त्याहून जास्त नको. अंगाच्या साध्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो, त्याने चेहरा ओढला जातो. शिवाय बोअरवेलचं जड पाणी असेल तर साबण आणि पाण्यातलं कॅल्शियम मिळून चिकट थर बसतो. तो बादलीच्या कडेला दिसतो, चेहऱ्यावर दिसत नाही इतकंच. त्यामुळे सौम्य, साबणविरहित फेसवॉश घ्या. पाणी कोमट, हात स्वच्छ, बोटांच्या पेरांनी अर्धा ते एक मिनिट हलक्या हाताने, नाकपुडीच्या खाचेत आणि हनुवटीवर थोडं जास्त. मग टॉवेलने टिपायचं, पुसायचं नाही. सनस्क्रीन किंवा मेकअप असेल तर आधी मिसेलर वॉटरने (मेकअप उतरवायचं पाण्यासारखं द्रावण) तो उतरवून मग फेसवॉश.

वाफेबद्दल एक गैरसमज. रंध्रांना स्नायू नसतात, ती वाफेने उघडत नाहीत आणि थंड पाण्याने मिटत नाहीत. वाफेने वरची गुठळी थोडी मऊ होते, एवढाच उपयोग. तो गरम पाण्याच्या आंघोळीतही होतो. भांड्यावर तोंड धरून भाजून घेण्याची गरज नाही.

तिसरी पायरी: सॅलिसिलिक ॲसिड

इथून खरं काम सुरू होतं. हे आम्ल तेलात विरघळतं. तुपाचा डबा नुसत्या पाण्याने विसळून निघत नाही, तसंच रंध्रातल्या तेलाचं आहे. त्यात शिरायला तेलाशी जमणारा पदार्थ लागतो. सॅलिसिलिक ॲसिड आत जाऊन चिकटलेल्या पेशी सुट्या करतं. ०.५ ते २ टक्के या ताकदीत ते विनाचिठ्ठी मिळतं. फेसवॉशमध्ये असेल तर मिनिटभरात धुतलं जातं, त्यामुळे परिणाम कमी. लावून ठेवायचं सीरम किंवा लोशन जास्त उपयोगाचं.

पहिल्यांदा कानामागे किंवा जबड्याच्या कडेला लावून दोन-तीन रात्री पाहा. खाज, चट्टा आला नाही तर पुढे जा. रात्री चेहरा धुऊन कोरडा केल्यावर फक्त नाक-हनुवटीसाठी एक-दोन थेंब, कपाळही असेल तर तीन-चार. ठिपक्यापुरतं नव्हे, पूर्ण भागावर पातळ थर. कारण उद्याची गुठळी आज दिसत नाही. पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री, मग एकाआड एक, त्वचेने साथ दिली तर रोज. मिनिटभर हलकं चुरचुरणं चालेल. पाच मिनिटांनंतरही आग होत असेल तर धुऊन टाका.

ॲस्पिरिनची ॲलर्जी असणाऱ्यांनी हे वापरू नये. गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्या काळात ॲझेलेइक ॲसिड हा बरा पर्याय मानला जातो आणि मागे राहिलेले काळसर डागही त्याने फिके होतात.

नुसतं नाक-हनुवटीचं दुखणं असेल तर बऱ्याच जणांचं काम इथेच भागतं.

चौथी पायरी: ॲडापलीन, गरज असेल तरच

आठ-दहा आठवडे नेमाने लावूनही गुठळ्या येत असतील किंवा कपाळभर व्हाइटहेड असतील तर ॲडापलीन ०.१ टक्का जेल. हे रेटिनॉइड वर्गातलं (व्हिटॅमिन ए-सारखं काम करणारं) औषध पेशी मुळातच चिकटू देत नाही, म्हणून नवी गुठळी बनणं थांबतं. अमेरिकेत २०१६ पासून ते विनाचिठ्ठी मिळतं, तिकडच्या मराठी वाचकांना ते औषधाच्या दुकानातल्या फळीवरच सापडेल. भारतात त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून सुरू केलेलं चांगलं, आणि घेताना ट्यूबवरचं नाव पूर्ण वाचा. आपल्याकडे ॲडापलीनबरोबर क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक मिसळलेली ट्यूब सर्रास हातात दिली जाते. लाल, पू धरलेले मुरूम नसतील तर त्या प्रतिजैविकाचं तुमच्या चेहऱ्यावर काही काम नाही, उलट जंतू त्याला सरावतात.

लावण्याची रीत अशी. रात्री चेहरा धुवा आणि १५ ते २० मिनिटं थांबा, ओलसर त्वचेवर लावलं तर जास्त आग होते. पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं जेल पुरतं. कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके देऊन पसरवा. पापण्या, नाकपुडीच्या खाचा आणि ओठांचे कोपरे सोडा, वाटल्यास तिथे आधी थोडं व्हॅसलीन लावा. १५ ग्रॅमची ट्यूब रोज वापरूनही साधारण दोन महिने चालायला हवी. वीस दिवसांत संपत असेल तर तुम्ही जास्त लावताय, आणि जास्त लावल्याने गुठळ्या लवकर जात नाहीत, फक्त सालं निघतात.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोन रात्री, पुढचे दोन एकाआड एक, मग रोज. कोरडेपणा आला तर आधी मॉइश्चरायझर, मग ॲडापलीन, वर पुन्हा मॉइश्चरायझर. ज्या रात्री ॲडापलीन त्या रात्री सॅलिसिलिक ॲसिड नाही. दोन्ही हवंच असेल तर रात्री वाटून द्या. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पुटकुळ्या वाढल्यासारख्या वाटतात. आत लपलेल्या गुठळ्या वर येत असतात. नेमके इथेच लोक सोडून देतात.

गरोदरपणात आणि त्याची तयारी चालू असताना ॲडापलीन वापरायचं नाही. वरच्या ओठाचं किंवा चेहऱ्याचं वॅक्सिंग करायचं असेल तर आठवडाभर आधी थांबवा, नाहीतर मेणाबरोबर त्वचाही निघते. लग्न महिन्यावर आलं असेल तर हे सुरूच करू नका. हळदीच्या दिवशी सोललेला चेहरा घेऊन पाटावर बसण्याची हौस कोणाला?

पाचवी पायरी: ओलावा आणि ऊन

तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर कशाला, हा प्रश्न हमखास येतो. औषधांनी त्वचेचा वरचा थर कोरडा पडला की आग होते आणि माणूस औषध सोडतो, म्हणून. जेलसारखं, बिनसुवासाचं, ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (म्हणजे रंध्रं न बुजवणारं) लिहिलेलं घ्या. त्या शब्दाला सरकारी मोजमाप नाही, त्यामुळे नवं काहीही आणलं तर दोन-तीन आठवडे बघा. कोकणातल्या दमट हवेत पातळ थर पुरतो, विदर्भातल्या हिवाळ्यात तोच कमी पडेल.

सकाळी एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर गुठळीपेक्षा तिच्यामागे राहिलेला डाग जास्त दिवस टिकतो आणि उन्हाने तो गडद होतो. क्रीमऐवजी जेल किंवा पातळ लोशन निवडलं तर चिकटपणा टळतो.

मुलतानी मातीचं काय? चालेल. आठवड्यातून एकदा, पाण्यात किंवा गुलाबपाण्यात कालवून, फक्त तेलकट भागावर, आठ-दहा मिनिटं. तडे जाईपर्यंत ठेवू नका, ओलसर असतानाच धुवा. वरचं तेल शोषलं जातं, गुठळी विरघळत नाही. ॲडापलीनने चेहरा सोलत असेल त्या आठवड्यात टाळा.

दाबून काढायचेच असतील तर

शक्यतो नको. दाबल्यावर गुठळी वर येण्याऐवजी रंध्राची भिंत आतल्या आत फुटते, तेल भोवतालच्या त्वचेत सांडतं आणि साध्या काळ्या ठिपक्याचा दुखरा लाल गोळा होतो. त्याचा डाग महिनोन्‌महिने राहतो.

तरी हात शिवशिवत असेल तर निदान चार ते सहा आठवडे औषध लावून गुठळ्या सैल झाल्यावर, आणि फक्त उघड्या तोंडाच्या काळ्या टोकांवर. आंघोळीनंतर हात धुवा, नखं कापलेली हवीत. दोन कापसाच्या काड्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा, आधी त्वचा खाली दाबा, मग काड्या हलकेच जवळ आणा. लोखंडी कडीचं हत्यार वापरायचं तर आधी आणि नंतर स्पिरिटने पुसा, कडीचं भोक ठिपक्याच्या मधोमध ठेवा, घसरवू नका. दोन प्रयत्नांत आलं नाही तर सोडून द्या, रक्त दिसलं की त्याच क्षणी थांबा. लाल, दुखरी किंवा बंद तोंडाची पुटकुळी तर शिवायचीच नाही. त्या रात्री औषध लावू नका, नुसतं मॉइश्चरायझर.

पार्लरमध्ये क्लीन-अप करून घेत असाल तर हत्यार निर्जंतुक करतात का, सुई नवी उघडतात का, हे बसण्याआधी विचारा. रेटिनॉइड लावत असल्याचंही सांगा. क्लीन-अपनंतर नाक मोकळं दिसतं, पण औषध चालू नसेल तर काही आठवड्यांत रंध्रं पुन्हा भरतात.

बिघडतं कुठे

चेहरा ताणलेला, चकचकीत, साध्या पाण्यानेही चुरचुरतो: त्वचेचं कवच दुखावलंय. सगळी औषधं एक-दोन आठवडे बंद, फक्त सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. बरं वाटल्यावर एकच औषध, आठवड्यातून दोन रात्री. हे बहुतेक वेळा एकाच आठवड्यात सॅलिसिलिक, रेटिनॉइड, व्हिटॅमिन सी आणि स्क्रब असं सगळं सुरू केल्याने होतं.

कपाळावर, छातीवर, पाठीवर एकसारख्या आकाराच्या आणि खाजणाऱ्या बारीक पुटकुळ्या, पावसाळ्यात किंवा घामाने वाढणाऱ्या: या गुठळ्या नसून बुरशीमुळे सुजलेली केसांची मुळं असू शकतात. वरच्या उपायांनी त्या जात नाहीत, बुरशीविरोधी औषध लागतं. खाज ही मुख्य खूण.

बारा आठवडे होऊनही फरक नाही: खरंच किती रात्री लावलं ते मोजा, फक्त ठिपक्यांवर लावत होता का ते आठवा, केसांचं तेल आणि नवं क्रीम तपासा. फरक पडला असेल तर बंद करू नका. आठवड्यातून दोन-तीन रात्री चालू ठेवा, कारण तेल तयार होणं थांबलेलं नसतं.

डॉक्टरांकडे कधी

खोल, दुखऱ्या गाठी किंवा खड्डे पडत असतील तर तीन महिने वाट पाहत बसू नका. पाळी अनियमित आणि हनुवटीवर जाड केस असतील तर हार्मोन्सची तपासणी करायला हवी, नुसतं मलम पुरणार नाही. उन्हात आयुष्य काढलेल्या वयस्कर माणसाच्या डोळ्यांच्या कडेला मोठे काळे ठिपके जमले असतील, किंवा पाठीवर एकच मोठं काळं तोंड वारंवार भरत असेल, तर ते घरी उकरायचं नाही, दवाखान्यात साध्या प्रक्रियेने निघतं. आणि ज्याला ब्लॅकहेड समजलात तो ठिपका वाढतोय, रंग बदलतोय किंवा त्यातून रक्त येतंय तर त्याच आठवड्यात दाखवा. जाताना आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, रिकाम्यासुद्धा. ‘ती पिवळी ट्यूब’ एवढ्यावरून कोणालाही काही कळत नाही.